रीफ टँकमधलं कोरल आजारी आहे का? नेमकं कारण कसं शोधायचं?

काल पूर्ण फुललेलं कोरल आज मिटून बसलंय, किंवा त्याचा रंग फिका पडलाय, हे दृश्य मरीन टँक ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे. मग फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला जातो आणि दहा मिनिटांत दहा उत्तरं येतात. लाइट कमी कर. लाइट वाढव. आयोडीन टाक. अर्धं पाणी बदल. गंमत म्हणजे यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या टँकसाठी बरोबर असतं. तुमच्या टँकसाठी कुठलं बरोबर आहे, ते मात्र फोटोवरून कळत नाही.

कारण कोरलकडे लक्षणं मोजकीच आहेत: मिटणं, फिकं पडणं, तपकिरी होणं, मांस सोडणं. याउलट कारणं डझनभर आहेत. त्यामुळे लक्षण बघून थेट औषधाकडे जायचं नाही. एका ठराविक क्रमाने एकेक शक्यता बाद करत जायचं. सॉफ्टवेअरमधला बग शोधताना आपण हेच करतो. या लेखात तो क्रम समजून घेऊया.

आधी थोडी ओळख

कोरल म्हणजे प्रवाळ. दिसायला झाडासारखं असलं तरी तो प्राणी आहे. त्यातल्या तोंड असलेल्या एकेका छोट्या जीवाला पॉलिप म्हणतात. पॉलिपच्या मांसात झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशापासून अन्न बनवतात आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतात. कोरलचा तपकिरी रंग मुख्यतः या शैवालांचा असतो. हिरवा, गुलाबी, जांभळा असे चमकदार रंग कोरलच्या स्वतःच्या रंगद्रव्यांचे असतात.

कोरल्सचे ढोबळ दोन गट पडतात. झोआंथिड, मशरूम, लेदर, झेनिया यांच्यासारखे मऊ प्रकार आणि आतमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा असलेले कठीण प्रकार. ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा, टॉर्च, हॅमर हे कठीण गटात येतात.

भारतातल्या वाचकांनी हे आधी वाचा

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी सगळी कठीण कोरल्स, काळं कोरल, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन यांचा समावेश आहे. वाघही याच अनुसूचीत आहे, यावरून गांभीर्य लक्षात येईल. मालवणच्या समुद्रात स्नॉर्केलिंग करताना दिसलेला कोरलचा तुकडा घरी आणणं हा गुन्हा आहे, मग तो मेलेला का असेना. म्हणून भारतात टँक ठेवायचा असेल तर मऊ प्रकारांवरच थांबा आणि विकणाऱ्याकडे आयातीची कागदपत्रं मागा. कठीण कोरल्सची माहिती या लेखात आहे ती दुबई, सिंगापूर, अमेरिका अशा ठिकाणी राहणाऱ्या आणि तिथल्या नियमांनुसार कोरल्स ठेवणाऱ्या वाचकांसाठी.

पायरी १: खरंच आजारी आहे का?

बऱ्याचदा कोरल अगदी ठणठणीत असतं आणि आपणच घाबरतो. या गोष्टी नॉर्मल आहेत:

- लेदर कोरल मिटून त्यावर मेणासारखा चकचकीत थर येणं. लेदर अधूनमधून आपली वरची साल टाकतं. हे चार-पाच दिवस चालतं, कधी दोन आठवडेही लागतात. त्याच्यावर थोडा पाण्याचा प्रवाह जाऊ द्या, साल निघून जाते.
- लाइट बंद झाल्यावर झोआंथिड मिटणं.
- नवीन आणलेलं किंवा जागा बदललेलं कोरल एक-दोन आठवडे नीट न फुलणं.
- तोंडातून तपकिरी धागे बाहेर पडणं. ती विष्ठा असते.
- ॲक्रोपोराची टोकं आणि मॉन्टिपोराची कड पांढरी असणं. तिथे नवीन वाढ होत असते.

यापैकी काही असेल तर टँकमध्ये हात घालू नका, फक्त लक्ष ठेवा.

पायरी २: निळा लाइट बंद, पांढरा चालू

रीफ टँकचे एलईडी लाइट बहुतेक वेळ निळ्या रंगावर चालतात. निळ्या प्रकाशात कोरलची रंगद्रव्यं चमकतात आणि आजारी कोरलसुद्धा सुंदर दिसतं. फिकेपणा, उघडा पडलेला सांगाडा, बारीक किडे हे सगळं त्या चमकेत लपतं. त्यामुळे तपासणी नेहमी पांढऱ्या प्रकाशात करायची. लाइटच्या ॲपमध्ये पांढरा चॅनेल थोडा वेळ वाढवा, तेवढं पुरतं.

फोटोसाठीही हेच. फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स निळ्या प्रकाशात गोंधळतो आणि दर फोटोत वेगळा रंग दाखवतो. म्हणून:

- पांढरा चॅनेल चालू करून प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर लॉक करा. दर वेळी तोच आकडा ठेवा.
- पंप दोन मिनिटं बंद करा. फोन काचेला समांतर धरा, तिरका धरला तर चित्र फाटतं.
- आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच जागेवरून फोटो काढा आणि वेगळ्या अल्बममध्ये ठेवा.

हा अल्बम म्हणजे तुमच्या टँकचा लॉग. रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. सहा आठवड्यांचे फोटो शेजारी ठेवले की तो लगेच दिसतो.

पायरी ३: मांस आहे की नुसता सांगाडा?

कठीण कोरल पांढरं दिसत असेल तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा. दोन पांढऱ्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ब्लीचिंग: मांस जागेवर आहे, पण शैवालं निघून गेल्यामुळे ते पारदर्शक झालंय आणि आतला पांढरा सांगाडा दिसतोय. झूम करून बघितलं तर पॉलिप हलताना दिसतात. कोरल जिवंत आहे, फक्त उपाशी आहे. कारण सहसा जास्त तापमान किंवा एकदम वाढलेला लाइट. कारण दूर झालं तर काही आठवड्यांत ते सावरू शकतं.

मांस सुटणं: पांढऱ्या भागावर मांसच नाही, सांगाडा उघडा पडलाय. जिवंत आणि मेलेल्या भागात स्पष्ट रेघ दिसते. मेलेला भाग परत जिवंत होत नाही, त्यावर काही दिवसांत हिरवं शैवाल चढतं. इथे रेघेचा वेग महत्त्वाचा. आठवड्याला काही मिलिमीटर सरकत असेल तर कारण शोधायला वेळ आहे. काही तासांत फांद्या उघड्या पडत असतील तर निरोगी भाग रेघेपासून दूर कापून वेगळा करणं हाच मार्ग उरतो.

मऊ कोरल्समध्ये सांगाड्याचा प्रश्न नाही. तिथे बघायचं ते एवढंच: मांस घट्ट आहे की विरघळतंय? आक्रसलेलं पण घट्ट असेल तर आशा आहे. बुळबुळीत होऊन घाण वास येत असेल तर तो तुकडा लगेच बाहेर काढा, नाहीतर त्याचा अमोनिया बाकीच्यांना त्रास देईल.

पायरी ४: एकच कोरल की सगळी?

हा प्रश्न विचारला की निम्म्याहून जास्त शक्यता बाद होतात.

सगळी कोरल्स एकदम बिघडली तर कारण पाण्यात आहे: तापमान, खारटपणा, अल्कलिनिटी, अमोनिया किंवा विष. या वेळी कोळंबी, खेकडे आणि गोगलगायींकडेही बघा. तेच आधी मरत असतील तर तांबं किंवा कीटकनाशकाचा संशय घ्या. माशांच्या अनेक औषधांत तांबं असतं. डासांचा स्प्रे किंवा पेस्ट कंट्रोलचा फवारा एअर पंप खोलीतल्या हवेबरोबर आत ओढतो.

एकाच प्रकारची कोरल्स बिघडली, उदाहरणार्थ फक्त झोआंथिड मिटली, तर कीड शोधा. झोआंथिड खाणारे न्यूडिब्रँक खाल्लेल्या कोरलचाच रंग घेतात, त्यामुळे दिवसा सापडत नाहीत. रात्री लाइट गेल्यावर दोन तासांनी लाल टॉर्च घेऊन बघा.

एकच कोरल, तेही एकाच बाजूने बिघडलं तर शेजाऱ्यावर संशय घ्या. टॉर्च आणि गॅलेक्सियासारखी कोरल्स रात्री लांब दंश करणारे तंतू सोडतात. लेदर कोरल्स दंश करत नाहीत, पण पाण्यात रसायनं सोडून इतरांची वाढ रोखतात. पहिल्यावर उपाय अंतर वाढवणं, दुसऱ्यावर ॲक्टिव्हेटेड कार्बन.

वरचा भाग बिघडला, सावलीतला ठीक आहे तर लाइट जास्त होतोय. खालचा भाग बिघडला तर तिथे प्रकाश किंवा प्रवाह पोचत नाही, किंवा गाळ साचतोय.

पायरी ५: काय बदललं?

मागच्या दोन आठवड्यांत काय काय बदललं त्याची यादी करा. नवीन लाइट, मिठाचा नवीन ब्रँड, नवीन मासा, सुट्टीत दुसऱ्या कुणी घातलेलं खाद्य, घराला दिलेला रंग, चार तासांचं लोडशेडिंग. ‘काहीच बदललं नाही’ असं वाटत असेल तर ऋतू बदललाय का ते बघा. मार्चमध्ये ठीक असलेला टँक एप्रिलमध्ये बिघडतो तो खोलीच्या तापमानामुळे.

पायरी ६: आता मोजा

क्रम महत्त्वाचा आहे. वरची मोजमापं आधी घ्या, कारण तिथली चूक सगळ्यात लवकर जीव घेते.

१. तापमान: २५ ते २६ अंश सेल्सियस. २८ च्या वर बराच काळ राहिलं तर ब्लीचिंगचा धोका वाढतो. दिवस-रात्रीचा फरकही टिपा.

२. खारटपणा: ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर आणणं पुरेसं नाही, ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणाने तपासा.

३. अमोनिया: शून्य. काही दिसला तर टँकमध्ये काहीतरी मेलंय का ते शोधा.

४. अल्कलिनिटी: ७ ते ११ डीकेएच चालते, पण ती स्थिर हवी. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त बदल करू नका. आज ७ आणि उद्या १० यापेक्षा कायम ७.५ कितीतरी बरी.

५. कॅल्शियम: ४०० ते ४५० पीपीएम. मॅग्नेशियम: १२५० ते १४०० पीपीएम. मॅग्नेशियम कमी असेल तर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी कितीही टाकली तरी टिकत नाही.

६. नायट्रेट: २ ते १० पीपीएम. फॉस्फेट: ०.०३ ते ०.१ पीपीएम. दोन्ही शून्य आली म्हणून खूश होऊ नका. शून्यावर कोरल्स उपाशी राहून फिकी पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट्सचा तपकिरी, बुडबुड्यांचा चिकट थर पसरू शकतो.

७. पीएच: ७.८ ते ८.४. एसीच्या बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचून तो खाली येतो. रसायन टाकण्याआधी खिडकी उघडून बघा.

आकडा विचित्र आला तर टँकवर उपाय करण्याआधी तीच टेस्ट पुन्हा करा. किटची एक्स्पायरी बघा. जमलं तर दुसऱ्या कंपनीच्या किटने पडताळा.

आणि एक गोष्ट आपल्याकडे हमखास राहून जाते: टाकायचं पाणी. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी शुद्ध असतं असा समज आहे. प्रत्यक्षात चवीसाठी त्यात थोडं साधं पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात. नळाच्या पाण्यातले नायट्रेट, फॉस्फेट, तांबं त्या वाटेने टँकमध्ये येऊ शकतात. टीडीएस मीटर लावून बघा. रीफ टँकला आरओनंतर डीआय रेझिन लावून शून्य टीडीएसचं पाणी लागतं.

एक उदाहरण सोडवून बघू

समजा मे महिना आहे. २०० लिटरचा टँक, चिलर नाही, पाणी थंड ठेवायला पंखा लावलाय. पंख्यामुळे दिवसाला ३ लिटर पाण्याची वाफ होते. रोज तेवढं शुद्ध पाणी टाकलं जातं. मग घरातले चार दिवस गावाला जातात. परत येतात तेव्हा झोआंथिड मिटलेली, मशरूम आक्रसलेली, लेदर वाकलेलं.

सगळी कोरल्स एकदम बिघडली, म्हणजे कारण पाण्यात आहे. काय बदललं? चार दिवस पाणी टाकलं नाही. वाफेबरोबर पाणी जातं, मीठ मागेच राहतं. १२ लिटर कमी झाले, म्हणजे आता १८८ लिटर. ३५ ला २०० ने गुणून १८८ ने भागलं की ३७.२ पीपीटी येतं. रिफ्रॅक्टोमीटरही जवळपास तेच दाखवतो. निदान झालं.

आता सगळे १२ लिटर एकदम ओतले तर कोरल्सना तासाभरात दुसरा धक्का बसेल. ते दीड-दोन दिवसांत थोडं थोडं करून टाकायचं. औषध काहीच नको. पुढच्या सुट्टीआधी ऑटो टॉप-ऑफ लावला की हा बग कायमचा फिक्स.

याच टँकवर कुणी ‘झोआंथिड मिटली म्हणजे कीड’ असं समजून डिप दिलं असतं, तर आधीच ताणाखाली असलेली कोरल्स आणखी खचली असती.

नेहमीची लक्षणं आणि पहिला संशय

- झोआंथिडच्या माना लांब झाल्या: लाइट कमी. हळूहळू वर सरकवा.
- मशरूम आक्रसलं, कड आत वळली: लाइट किंवा प्रवाह जास्त. खाली सावलीत न्या.
- रंगीत कोरल तपकिरी झालं: पोषकद्रव्यं जास्त किंवा लाइट कमी. शैवालांची संख्या वाढली आहे. कोरलच्या जिवाला धोका नाही.
- सगळी हळूहळू फिकी पडली: नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ, किंवा लाइट जास्त. आधी मोजा.
- ॲक्रोपोराची टोकं जळल्यासारखी: अल्कलिनिटी जास्त आणि पोषकद्रव्यं कमी, ही जोडी तपासा.
- टॉर्च किंवा हॅमरवर तपकिरी जेलीसारखा थर: ब्राउन जेली. कोरल लगेच वेगळं करा, थर पाइपने ओढून घ्या. पंप चालू ठेवून झटकू नका, तो शेजाऱ्यांवर पसरतो.

उपाय करताना तीन नियम

एका वेळी एकच बदल. लाइट, मीठ आणि खाद्य एकाच दिवशी बदललं आणि कोरल सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कधीच कळणार नाही. बिघडलं तरी कळणार नाही.

हळू. अमोनिया आणि विषबाधा सोडली तर रीफमध्ये घाईचे उपाय फार थोडे. एका बदलानंतर एक-दोन आठवडे थांबा.

न मोजता काही टाकू नका. ज्याची टेस्ट तुमच्याकडे नाही ते रसायन टँकमध्ये जायला नको.

कारण कळतच नसेल तर सगळ्यात सुरक्षित पहिलं पाऊल म्हणजे १० ते २० टक्के पाणी बदलणं, तेही टँकइतक्याच तापमानाचं आणि खारटपणाचं, आणि ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावणं.

हे वाचल्याशिवाय झोआंथिडला हात लावू नका

झोआंथिड, विशेषतः पॅलिथोआ, यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. कोरल आजारी आहे म्हणून दगड बाहेर काढून घासणं किंवा कीड मारायला उकळतं पाणी ओतणं जिवावर बेतू शकतं. वाफेबरोबर विष हवेत जातं आणि घरातल्या सगळ्यांच्या श्वासात येतं. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये एका घरी टँकची साफसफाई करताना असं घडलं आणि कुटुंबासह मदतीला आलेल्या अग्निशामक जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं.

त्यामुळे झोआंथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरा. हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात नकोच. दगड कोरडा घासू नका, उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका. काम करताना तोंडात धातूसारखी चव, धाप लागणं, ताप, डोळ्यांची आग असं काही जाणवलं तर सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या, रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द स्पष्ट सांगा.

ॲपने निदान होतं का?

फोटो दाखवून कोरलचं नाव शोधायला इमेज सर्च किंवा एआय चॅटबॉट बऱ्यापैकी उपयोगी पडतो. किडीचा फोटो ओळखायलाही मदत होते. पण फोटोत अल्कलिनिटी दिसत नाही, खारटपणा दिसत नाही, तांबं दिसत नाही. विचारायचंच असेल तर फोटोबरोबर सगळी मोजमापं आणि बदलांची यादी द्या. ग्रुपवर विचारतानाही हेच करा, उत्तरांचा दर्जा लगेच सुधारतो.

फोनच्या लाइट मीटर ॲपचंही तसंच. ते लक्स मोजतं, म्हणजे माणसाच्या डोळ्याला जाणवणारा उजेड. कोरलला लागतो तो प्रकाश पार या एककात मोजतात, आणि निळ्या एलईडीखाली लक्सचा आकडा फारच कमी येतो. टँकमधली कुठली जागा जास्त उजेडाची हा अंदाज घेण्यापुरतं ते ठीक. नेमका आकडा हवा तर पार मीटर काही दिवसांसाठी कुणाकडून मागून घ्या. मशरूमला ५० ते १००, झोआंथिड आणि लेदरला १०० ते १५०, ॲक्रोपोराला २०० ते ३५० पार हा ढोबळ अंदाज.

थोडक्यात

खरंच आजारी आहे का? पांढऱ्या प्रकाशात कसं दिसतं? मांस शाबूत आहे का? एकच की सगळी? काय बदललं? आकडे काय सांगतात? हे सहा प्रश्न याच क्रमाने फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोरल मिटलेलं दिसलं की औषधाच्या बाटलीआधी ती नोट उघडा.